दीर्घिकांची दाटी आणि वाकलेला प्रकाश: विश्व मोजायची रीत, पायरीपायरीनं

दीर्घिका आपल्याला दिसतात, पण त्या ज्या द्रव्याच्या आधारानं जमल्या आहेत ते बहुतेक दिसत नाही. विश्वातल्या द्रव्याचे सहा भाग केले तर साधारण पाच भाग कृष्णद्रव्याचे निघतात. त्यामुळे दीर्घिका कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत हे मोजलं, तरी द्रव्य मोजून झालं असं होत नाही. दुसरी वाट गुरुत्वीय भिंगाची. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या द्रव्याजवळून येताना वाकतो आणि तिचं चित्र किंचित ताणलं जातं. या ताणाला दिसणारं आणि न दिसणारं द्रव्य सारखंच. मात्र तो इतका फिकट असतो की एकेका दीर्घिकेत तो कधीच सापडत नाही.

या दोन मोजमापांची सांगड कशी घालायची, ते मी इथे क्रमानं सांगणार आहे. या क्षेत्रातले लोक या पद्धतीला थ्री-बाय-टू-पॉइंट म्हणतात, कारण तिच्यात तीन सहसंबंध असतात आणि प्रत्येक सहसंबंध बिंदूंच्या जोड्यांवर मोजला जातो. पायथन येत असेल, पदवीपातळीचं भौतिकशास्त्र माहीत असेल आणि चिकाटी असेल, तर सार्वजनिक विदेवर (डेटावर) याची लहान आवृत्ती घरच्या संगणकावर करता येते.

आधी कागदावर: तीन मापं आणि थोडा भागाकार

कोड लिहिण्यापूर्वी हे गणित एकदा हातानं करा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आपल्याला मुख्यतः दोन संख्या हव्या आहेत. पहिली ओमेगा-एम, म्हणजे विश्वाच्या एकूण ऊर्जाघनतेतला द्रव्याचा वाटा. दुसरी सिग्मा-८, म्हणजे आजचं द्रव्य किती गुठळ्यागुठळ्यांचं आहे याचं माप. सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचे काल्पनिक गोल विश्वात जागोजागी ठेवले, तर त्यांच्यातली घनता सरासरीपासून किती ढळेल, हे ती सांगते.

दीर्घिका द्रव्याच्या प्रमाणातच पसरलेल्या नसतात. तेजस्वी, जड दीर्घिका दाट जागीच जन्मतात, त्यामुळे त्यांची दाटी द्रव्याच्या दाटीपेक्षा जास्त उठून दिसते. या गुणकाला बायस म्हणतात. मोठ्या अंतरांवर तो एका साध्या संख्येनं चालतो: दीर्घिकांचा चढउतार म्हणजे बायस गुणिले द्रव्याचा चढउतार.

आता सिग्मा-८ च्या वर्गाला 'अ' आणि बायसला 'ब' म्हणा. दीर्घिका आणि दीर्घिका यांचा सहसंबंध 'ब' वर्ग गुणिले 'अ' या प्रमाणात असतो. पुढच्या दीर्घिकांभोवती मागच्या दीर्घिकांचा ताण मोजला तर तो 'ब' गुणिले 'अ' च्या प्रमाणात येतो. ताण आणि ताण यांचा सहसंबंध नुसत्या 'अ' च्या प्रमाणात, बायस नावालाही नाही.

समजा, योग्य एककांत पहिलं माप २.५६ आलं आणि दुसरं १.२८. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की बायस मिळतो: २. दुसऱ्याचा वर्ग करून पहिल्यानं भागलं की 'अ' मिळतो: १.६३८४ भागिले २.५६, म्हणजे ०.६४. त्याचं वर्गमूळ ०.८, हीच सिग्मा-८. तिसरं माप अजून हातही न लावता उत्तर आलं. मग तिसरं कशाला? तपासणीसाठी. ताण-ताण सहसंबंधातून स्वतंत्रपणे ०.६४ आलं तर तिन्ही पाय जमिनीवर आहेत. ०.५५ आलं तर कुठेतरी चूक आहे, किंवा आपण निसर्गाबद्दल काही गृहीत धरलंय ते खरं नाही. एकट्या मापाला हे कधीच कळलं नसतं. या पद्धतीची खरी ताकद अचूकतेइतकीच या आपसातल्या झडतीत आहे, असं मला वाटतं.

(प्रत्यक्षात ओमेगा-एम आणि अंतरं यांचाही प्रत्येक मापात हात असतो, म्हणून शेवटी सगळं एकत्र सोडवावं लागतं. पण सांगाडा हाच.)

विदा कुठली घ्यायची

डार्क एनर्जी सर्व्हे या प्रकल्पानं चिलीतल्या सेरो टोलोलो इथल्या ४ मीटर ब्लँको दुर्बिणीवर ५७ कोटी पिक्सेलांचा कॅमेरा लावून २०१३ ते २०१९ या काळात सुमारे ५,००० चौरस अंश आकाश टिपलं. किलो-डिग्री सर्व्हे, म्हणजे किड्स, चिलीतल्याच पारानाल इथल्या २.६ मीटर दुर्बिणीवर झाला. हायपर सुप्रीम-कॅम सर्व्हे हवाईतल्या ८.२ मीटर सुबारूवर झाला. क्षेत्र लहान पण खोली जास्त.

पहिल्या प्रयत्नाला डार्क एनर्जी सर्व्हेच्या तिसऱ्या वर्षाची यादी घेऊ नका. तिच्यात दहा कोटींहून जास्त स्रोत-दीर्घिका (ज्यांचा आकार मोजायचा त्या) आहेत. पहिल्या वर्षाची यादी १,३२१ चौरस अंशांची आणि सुमारे २.६ कोटी दीर्घिकांची आहे. किड्स-१००० मध्ये सुमारे २.१ कोटी. शिकायला या पुरेशा आहेत, आणि छापलेले निकाल उपलब्ध असल्यामुळे स्वतःचं काम ताडून पाहता येतं.

यादीतून दोन वेगळे गट काढायचे. पुढच्या, जवळच्या दीर्घिका म्हणजे भिंग-गट. त्यांची फक्त जागा लागते. मागच्या, दूरच्या दीर्घिका म्हणजे स्रोत-गट. त्यांचा आकार लागतो.

भिंग-गट आणि खोट्या दीर्घिका

भिंग-गटात दीर्घिका कमी असल्या तरी चालतील, पण त्यांची रेडशिफ्ट (मराठी पुस्तकांतली ताम्रसृती; प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचं माप, ज्यावरून अंतर कळतं) बरी माहीत हवी. एक रीत म्हणजे फक्त लालसर, जुन्या दीर्घिका घेणं, कारण त्यांच्या रंगावरून अंतराचा अंदाज चांगला बसतो. दुसरी म्हणजे तेजस्वितेची मर्यादा रेडशिफ्टप्रमाणे सरकवणं. डार्क एनर्जी सर्व्हेच्या मॅगलिम नमुन्यात आय नावाच्या गाळणीतून मोजलेली प्रत (तेजस्वितेचं माप; वस्तू जितकी फिकट तितकी ती मोठी) ही 'चार गुणिले रेडशिफ्ट अधिक १८' पेक्षा कमी असावी लागते. रेडशिफ्ट ०.५ असेल तर मर्यादा २०. अशी निवड करून नमुना रेडशिफ्टच्या चार-सहा थरांत विभागायचा.

दाटी मोजायची म्हणजे कशाच्या तुलनेत मोजायची? त्यासाठी संगणकानं खोट्या दीर्घिका टाकायच्या: पूर्ण यादृच्छिक, पण ज्या आकाशाचं निरीक्षण झालं नेमक्या तेवढ्याच भागात. तेजस्वी ताऱ्यांभोवतीची भोकं, कॅमेऱ्याच्या फटी, कडा, हे सगळं मुखवट्यात, म्हणजे वगळलेल्या जागांच्या नकाशात, आलं पाहिजे. खऱ्यांच्या किमान वीसपट खोट्या ठेवा, नाहीतर त्यांचाच गोंगाट उत्तरात शिरतो.

जोड्या मोजण्यासाठी लँडी आणि स्झाले यांचं १९९३ चं सूत्र आजही सर्वांत भरवशाचं आहे: खऱ्या-खऱ्या जोड्या, वजा दोनदा खऱ्या-खोट्या, अधिक खोट्या-खोट्या, आणि या सगळ्याला खोट्या-खोट्यांनी भागायचं. एकूण जोड्यांनी सामान्यीकरण केल्यावर एखाद्या अंतराला तीन आकडे १.३०, १.०५ आणि १.०० आले, तर सहसंबंध १.३० वजा २.१० अधिक १.०० म्हणजे ०.२० येतो. मधलं पद विसरून नुसता १.३० मधून १ वजा केला असता तर ०.३० आला असता. म्हणजे दीडपट. कडांचा आणि मुखवट्याचा परिणाम एवढा मोठा असू शकतो.

यापेक्षा कपटी शत्रू म्हणजे निरीक्षणाची परिस्थिती. ज्या रात्री हवा अस्थिर होती त्या भागात फिकट दीर्घिका कमी सापडतात. आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ तारे जास्त, धूळ जास्त; कधी तारे दीर्घिका समजले जातात, कधी दीर्घिका धुळीमागे झाकल्या जातात. हे नकाशे अंशाअंशावर सरकतात, म्हणून मोठ्या कोनांवर खोटा सहसंबंध तयार होतो. उपाय मेहनतीचा पण सरळ आहे. धूळ, ताऱ्यांची घनता, हवेची स्थिरता, निरीक्षणाची खोली यांचा प्रत्येकी नकाशा घ्या, त्या राशीच्या प्रत्येक टप्प्यात दीर्घिकांची सरासरी संख्या आलेखावर मांडा, आणि रेघ सपाट नसेल तर ती सपाट होईल असं वजन प्रत्येक दीर्घिकेला द्या. हे आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एखाद्या टोकाला वळलेली रेघ आकडेवारीच्या सारांशात हमखास लपते.

आकार मोजणं

सूर्याजवळून जाणारा प्रकाश १.७५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) वाकतो, हे भाकीत १९१९ च्या खग्रास ग्रहणात तपासलं गेलं. इथे आपण त्याहून वेगळ्या प्रकारच्या फिकट खुणेच्या मागे आहोत. ताण, म्हणजे शिअर, साधारण १ टक्का असतो. दीर्घिका मुळात अगदी गोल असती तर तिचा एक अक्ष दुसऱ्यापेक्षा २ टक्क्यांनी लांब दिसला असता. पण दीर्घिका मुळातच लंबगोल असतात, आणि त्यांचा स्वतःचा लंबगोलपणा प्रत्येक घटकात (घटक दोन: एक उभा-आडवा, दुसरा ४५ अंशांतला) ०.३ च्या आसपास पसरलेला असतो. खूण ०.०१, गोंगाट ०.३. म्हणून सरासरी हाच एक मार्ग. ०.००१ इतकी अचूकता हवी तर ०.३ भागिले ०.००१, म्हणजे ३००, आणि त्याचा वर्ग: ९०,००० दीर्घिका. मोठ्या विश्वरचनेमुळे होणारा हा ताण चार वेगवेगळ्या गटांनी २००० साली पहिल्यांदा पकडला, त्याआधी नाही, याचं कारण हेच.

गोंगाट सरासरीत विरतो, पण पद्धतीतली चूक विरत नाही. मोजलेला शिअर हा '१ अधिक एम' गुणिले खरा शिअर, अधिक 'सी' असतो, असं धरतात. 'सी' बहुतेकदा दुर्बिणीच्या आणि वातावरणाच्या धूसरपणातून येतो. ताऱ्यांचा आकार हा बिंदूच असायला हवा, म्हणून ताऱ्यांवरून धूसरपणाचं मॉडेल बनवतात. त्यातले काही तारे मुद्दाम बाजूला ठेवा आणि मॉडेल त्यांच्यावर ताडून पाहा. ज्या ताऱ्यांवर मॉडेल बसवलं त्यांच्यावरच ते तपासून काही कळत नाही.

'एम' जास्त घातक, कारण तो थेट उत्तरात मिसळतो. 'एम' १ टक्का चुकला की ताण-ताण सहसंबंध २ टक्के चुकतो आणि सिग्मा-८ साधारण १ टक्का. सगळ्या प्रकल्पाची अंतिम अचूकता २ टक्क्यांच्या घरात असताना ही रक्कम लहान नाही. आकाशात एकमेकींवर पडलेल्या दीर्घिका हे 'एम' चं आज मोठं मूळ आहे. खऱ्यासारख्या कृत्रिम प्रतिमा बनवून तपासलं तर त्यांच्यामुळे शिअर सुमारे २ टक्के कमी मोजला जातो असं दिसतं. हा आकडा कृत्रिम प्रतिमांशिवाय मिळत नाही. सार्वजनिक यादीसोबत तो दिलेला असतो, तो वापरा.

डार्क एनर्जी सर्व्हेची यादी घेतलीत तर मेटाकॅलिब्रेशन नावाची रीत भेटेल. प्रत्येक दीर्घिकेच्या चित्राला कृत्रिमरीत्या ०.०१ ताण देऊन आकार पुन्हा मोजतात, आणि आकार किती बदलला यावरून प्रतिसाद काढतात. इथे नवख्याची एक ठरलेली चूक होते: प्रत्येक दीर्घिकेचा लंबगोलपणा तिच्याच प्रतिसादानं भागणं. एकेका दीर्घिकेचा प्रतिसाद फार गोंगाटी असतो, कधी शून्याजवळ जातो, आणि भागाकार उधळतो. आधी लंबगोलपणाची सरासरी, मग प्रतिसादाची सरासरी, आणि शेवटी भागाकार. दीर्घिका निवडतानाही ताणाचा परिणाम होतो. निवडीचा हा प्रतिसाद वेगळा मिळवायचा असतो, तो विसरू नका. प्रत्येक थरातला सरासरी लंबगोलपणा वजा करून मगच पुढे जा.

रेडशिफ्ट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मला विचाराल तर या कामात जितका वेळ आहे त्यातला निम्मा इथे घालवावा.

कोट्यवधी फिकट दीर्घिकांचे वर्णपट घेणं शक्य नसतं. हातात असतात चार-पाच गाळण्यांतल्या प्रकाशाच्या नोंदी, आणि त्यावरून अंतराचा अंदाज करायचा असतो. जवळची लाल दीर्घिका आणि दूरची निळी दीर्घिका कधीकधी सारखीच दिसते. सुदैवानं एकेकीची रेडशिफ्ट लागत नाही, पूर्ण थराचं वितरण लागतं, आणि त्यातही सरासरी सर्वांत महत्त्वाची. कारण स्रोत जितका दूर तितका वाटेत द्रव्याचा जास्त साठा आणि तितका ताण जास्त. थर खऱ्यापेक्षा दूर समजलात, तर तेवढा ताण मिळायला द्रव्याच्या कमी गुठळ्या पुरतात, आणि सिग्मा-८ खाली येते. सरासरी ०.५ च्या जागी ०.५१ धरली तरी फरक लक्षात येण्याजोगा असतो.

आज दोन स्वतंत्र वाटा एकत्र वापरतात. पहिलीत, आकाशाच्या लहान तुकड्यांवर खोल निरीक्षणं असतात, जास्त गाळण्या, शक्य तिथे वर्णपट. रंगांनुसार दीर्घिकांचं एक जाळं बनवतात, सारख्या रंगाच्या दीर्घिका एका घरात, आणि खोल तुकड्यातल्या त्या घराची रेडशिफ्ट मोठ्या क्षेत्रातल्या त्याच घराला लावतात. दुसरी वाट जागेची. वर्णपटानं रेडशिफ्ट पक्की माहीत असलेल्या दीर्घिका घ्या आणि आपल्या स्रोत-थराशी त्यांचा सहसंबंध रेडशिफ्टच्या पट्ट्यापट्ट्यानं मोजा. ज्या पट्ट्यात दोघं खरोखर शेजारी आहेत तिथेच सहसंबंध उठतो. या वाटेला रंगांशी काही देणंघेणं नाही, म्हणूनच ती पहिलीची साक्षीदार म्हणून उपयोगी. दोन्हींचे वितरण एकमेकांवर काढून बघा. न जुळणारं शेपूट दिसलं तर त्यावर पांघरूण घालू नका. तो थर वगळा किंवा त्याची अनिश्चितता वाढवा.

सहसंबंध मोजताना

इथे ट्रीकॉर ही मोफत पायथन लायब्ररी वापरा. डार्क एनर्जी सर्व्हेनं २.५ ते २५० कला (६० कला म्हणजे एक अंश) या पल्ल्यात लॉगरिदमी २० टप्पे घेतले होते. तेच घ्या, म्हणजे ताडून पाहता येईल.

दाटी-दाटी वर सांगितलीच. दाटी-ताण मोजताना भिंगाभोवती स्पर्शिकेच्या दिशेचा ताण घ्यायचा, आणि खोट्या भिंगांभोवती मोजलेला ताण वजा करायचा. त्याच वेळी ४५ अंशांनी फिरवलेला घटक मोजा. तो शून्य यायलाच हवा, कारण गुरुत्वीय भिंग तो निर्माण करत नाही.

माझे स्वतःचे दोन दिवस एका चिन्हात गेले होते, म्हणून हे सविस्तर सांगतो. लंबगोलपणाच्या दुसऱ्या घटकाचं चिन्ह वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळं असतं, कारण आकाशात विषुवांश (आकाशावरचा रेखांशासारखा निर्देशांक) कुठल्या दिशेला वाढतो याबद्दलचे संकेत वेगळे. ते उलटं राहिलं तर भिंगाभोवतीच्या वर्तुळावर सरासरी काढताना दोन घटक एकमेकांना कापतात आणि दाटी-ताणाची खूण जवळजवळ नाहीशी होते. पण ताण-ताणाचे जे दोन सहसंबंध निघतात, त्यातला 'अधिक' वाला या चुकीनं जराही बदलत नाही. म्हणजे तो छान दिसतो म्हणून यादी बरोबर, असं समजून बसता येत नाही. आधी दाटी-ताण काढा, तो ठळक आणि धन आला की मगच ताण-ताणाकडे वळा.

कोव्हेरिअन्स

जवळजवळच्या कोनांवरची मापं एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून त्रुटींचा पूर्ण मॅट्रिक्स, म्हणजे कोव्हेरिअन्स, लागतो. शिकताना आकाशाचे तुकडे करून एकेक वगळण्याची जॅकनाइफ रीत सोपी. पण तुकड्यांची संख्या मापांच्या संख्येपेक्षा बरीच जास्त हवी. १०० मापांना १५० नमुने घेतले, तर व्यस्त मॅट्रिक्सला हार्टलॅपचा गुणक (१५० वजा १०० वजा २) भागिले १४९, म्हणजे सुमारे ०.३२ लावावा लागतो. इतकी दुरुस्ती लागणाऱ्या मॅट्रिक्सवर भरवसा ठेवू नका. १,००० नमुन्यांना तोच गुणक ०.९० होतो. मोठे प्रकल्प म्हणूनच सैद्धांतिक कोव्हेरिअन्स वापरतात, आणि छापलेला मॅट्रिक्स उचलून वापरण्यात काही कमीपणा नाही.

सिद्धांत, आणि कुठली मापं टाकायची

कॅम्ब किंवा क्लास हे कोड द्रव्याचा पॉवर स्पेक्ट्रम (किती अंतरावर किती चढउतार, याचा हिशोब) देतात. कॉस्मोसिस या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना जोडून पुढचे सहसंबंध मिळतात. चालवणं अवघड नाही. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे ठरवणं.

लहान अंतरांवर बायस एका संख्येत मावत नाही. शिवाय दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं वायू बाहेर फेकतात आणि काही दशलक्ष प्रकाशवर्षांपेक्षा लहान अंतरांवर द्रव्याच्या गुठळ्या विरळ करतात. किती, यावर सिम्युलेशनांचं एकमत नाही. म्हणून ती मापं टाकून द्यावी लागतात. डार्क एनर्जी सर्व्हेच्या तिसऱ्या वर्षात दाटी-दाटीसाठी ८ आणि दाटी-ताणासाठी ६ मेगापार्सेक भागिले एच याखालचं सगळं टाकलं होतं (मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००). ८ ची मर्यादा रेडशिफ्ट ०.३ ला सुमारे ३३ कला आणि ०.९ ला सुमारे १३ कला होते. म्हणजे जवळच्या थरात जवळपास निम्मे टप्पे गेले. जीवावर येतं खरं, पण टाकलेल्या मापांत खूण सर्वांत ठळक असते म्हणून ती ठेवायची, हा तर्क चुकीचा आहे. तिथे आपला सिद्धांत सर्वांत कच्चा असतो.

दुसरी गोष्ट मॉडेलमध्येच घालावी लागते. एका द्रव्यपुंजाजवळची दीर्घिका भरतीच्या ओढीनं त्याच्या दिशेनं लांबट होते, आणि त्याच पुंजामागची दीर्घिका भिंगामुळे स्पर्शिकेच्या दिशेनं लांबट दिसते. हे दोन ताण एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून सहसंबंध ऋण. याकडे दुर्लक्ष केलं तर मोजलेली खूण कमी पडते आणि सिग्मा-८ कमी निघते. या आंतरिक संरेखनासाठी निदान एक प्राचल (पॅरामीटर) ठेवाच.

डोळ्यांवर पट्टी

छापलेलं उत्तर माहीत असताना आपण नकळत त्याच्याकडे सरकतो. उत्तर 'बरोबर' आलं की चूक शोधणं थांबतं. म्हणून मोठे प्रकल्प उत्तर स्वतःपासून लपवून काम करतात. एकट्यानं करताना सोपी रीत अशी: दुसऱ्या कुणाला तरी ०.९ ते १.१ मधली एक संख्या निवडायला सांगा, ती गुप्त फाइलमध्ये राहू द्या, आणि तुमच्या सगळ्या लंबगोलपणांना कोडनं तिनं गुणू द्या. तपासण्या सगळ्या झाल्यावर, काय टाकायचं काय ठेवायचं ते लिहून ठेवल्यावर, फाइल उघडा.

उत्तर काढणं आणि वाचणं

खऱ्या विदेवर जाण्यापूर्वी सिद्धांतानंच बनवलेली कृत्रिम मापं त्याच साखळीतून चालवा. घातलेली सिग्मा-८ परत आली पाहिजे. मग बायस, रेडशिफ्टची सरक, 'एम', संरेखन, सगळी मिळून वीस-तीस प्राचलं सोडवावी लागतात. त्यासाठी पॉलीकॉर्डसारखा सॅम्पलर (प्राचलांच्या किमती चाळून बघणारा कोड) चालेल, रात्रभराचं काम आहे.

ओमेगा-एम आणि सिग्मा-८ यांचा निकाल केळ्याच्या आकाराचा येतो: एक वाढवली, दुसरी घटवली, तरी ताण जवळपास तोच. म्हणून त्या दोघींचा मिलाफ सांगतात, एस-८: सिग्मा-८ गुणिले '(ओमेगा-एम भागिले ०.३) याचं वर्गमूळ'. वैश्विक पार्श्वप्रारणावरून (विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशावरून) प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालात एस-८ ०.८३२ अधिक-उणे ०.०१३ आहे. डार्क एनर्जी सर्व्हेच्या तिसऱ्या वर्षाचा आकडा ०.७७६ अधिक-उणे ०.०१७. फरक ०.०५६, दोन त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.०२१, म्हणजे साधी तुलना केली तर फरक त्रुटीच्या २.६ पट, किंवा २.६ सिग्मा (या सिग्माचा सिग्मा-८ शी संबंध नाही). पण सगळी प्राचलं धरून केलेल्या तुलनेत तो १.५ सिग्माच भरला. एका आकड्यावरून विश्वरचनेचं प्रमाणित मॉडेल मोडल्याची घोषणा करायची नसते.

त्याच विश्लेषणात तिपाईची झडती कशी कामी येते तेही दिसलं. लाल दीर्घिकांच्या नमुन्यात दाटी-दाटीतून निघणारा बायस आणि दाटी-ताणातून निघणारा बायस १० टक्क्यांहून जास्त वेगळे आले. एकाच दीर्घिकांना दोन बायस असू शकत नाहीत. म्हणून मुख्य निकालासाठी मॅगलिम नमुना घेतला, आणि त्यातलेही सर्वांत दूरचे दोन थर नीट बसत नव्हते म्हणून वगळले. तुमच्याही हाती असं आलं तर सरासरी काढून पुढे जाऊ नका. थराथरानं दोन्ही बायस मांडा. एकाच थरात बिघाड असेल तर रेडशिफ्ट तपासा, सगळ्या थरांत सारखा असेल तर दाटीची वजनं किंवा 'एम'.

किड्सचं उदाहरण यापुढचं आहे. किड्स-१००० नं २०२० च्या सुमारास एस-८ ०.७६६ दिला होता, प्लँकपेक्षा बराच खाली. २०२५ मध्ये त्याच प्रकल्पाच्या पूर्ण विदेतून, ताण-ताण सहसंबंधावरून, ०.८१५ आला आणि प्लँकशी जुळला. आकाशाचं क्षेत्र वाढलं हे एक कारण, पण मोठा वाटा सुधारलेल्या रेडशिफ्ट-वितरणाचा.

युक्लिड दुर्बीण १ जुलै २०२३ ला अवकाशात गेली आहे आणि तिचं लक्ष्य १४,००० चौरस अंशांचं आहे. रूबिन वेधशाळेची ८.४ मीटर दुर्बीण चिलीतून दहा वर्षं आकाश टिपणार आहे. त्यांच्या विदेत गोंगाट इतका कमी असेल की रेडशिफ्टची आजची त्रुटी तिथे चालणार नाही. त्याचा अंदाज आताच घेता येतो. तुमची साखळी पूर्ण झाली की प्रत्येक स्रोत-थराचं वितरण ०.०१ नं पुढे सरकवा, रेडशिफ्टच्या सरकेचं प्राचल शून्यावर बांधा, आणि सगळं पुन्हा चालवा. मग तेच उलट्या दिशेनं. एस-८ किती हलला ते तुमच्या त्रुटीशेजारी लिहा.